गिरणीतली खिडकी आणि मोडलेला नान

एका खिडकीचा तीन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा, यात अवघड ते काय? फोन काढायचा, खिडकीसमोर धरायचा, तांबडं बटण दाबायचं. ज्या माणसानं मार्गिलानच्या शाळेत जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं त्याला एवढं जमू नये? असं मी माझ्या बायकोला, मस्तुराला म्हणालो आणि टोपी डोक्यावर ठेवून बाहेर पडलो. त्या वाक्याचा मला आजतागायत पश्चात्ताप होतो आहे. कारण त्या खिडकीपायी मी एका घरंदाज मुलीचं लग्न जमवून बसलो, नकार मिळालेला वरपक्ष म्हणून अख्ख्या मोहल्ल्यात मिरवलो आणि एक धडधाकट दाढ गमावता गमावता वाचलो.

खिडकी आमच्या गावातल्या जुन्या रेशीम गिरणीची. मस्तुरा तरुणपणी तिथे मागावर होती. शेजारच्या मागावर गालिना. गिरणी बंद पडली तशी गालिना आपल्या लेकीकडे रशियात, सारातोवला निघून गेली. तेव्हापासून दोघींची मैत्री फोनवर चालते. गेल्या महिन्यात गालिना म्हणाली, "मस्तुरा, माझ्या डोळ्यांत काचबिंदू झालाय. डॉक्टर म्हणतात, बर्फ पडायच्या आत काय बघायचं ते बघून घ्या. मला बाकी काही नको गं. आपल्या मागांसमोरची खिडकी तेवढी एकदा दाखव." मस्तुरानं फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेली आणि कांदे चिरायला बसली. त्या दिवशी आमच्याकडे कांदा लागेल असं काही शिजत नव्हतं.

आता त्या गिरणीचा लग्नाचा हॉल झाला आहे. मालक इनोम हाजी, गालिच्यांचे मोठे व्यापारी. छताला आणि भिंतींना सोनेरी मोर लावलेत म्हणून लोक त्याला मोराचा हॉल म्हणतात. मी फाटकातून आत पाऊल टाकलं, फोन वर केला, तेवढ्यात पहारेकरी आडवा आला.

"फोन खिशात, मास्तर."

बघतो तो कोझिम! माझ्या वर्गात नववीत दोन वर्षं मुक्काम केलेला.

"अरे कोझिम, तू होय! बरं झालं. एक खिडकी तेवढी..."

"चित्रीकरणाला बंदी आहे. फरगाण्याच्या एका हॉलवाल्यानं असाच व्हिडिओ काढून आमचे मोर चोरले. आता मालकांची परवानगी लागते."

"मी काय मोर चोरणारा वाटतो तुला?"

"मास्तर, तुम्हीच शिकवलंत. नियम तो नियम, त्याला वशिला चालत नाही. म्हणून तर मला पुन्हा नववीत बसवलंत."

इतक्या वर्षांत या मुलानं माझं एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलं होतं आणि ते नेमकं माझ्याच अंगावर आलं. गंमत बघा, त्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी लग्न असतं. दर लग्नाला चार कॅमेरे, वरून भिरभिरणारा एक ड्रोन, शिवाय दोन-तीनशे पाहुण्यांचे फोन. तेव्हा मोर सुरक्षित असतात. धोका होता तो फक्त माझ्याकडून.

आत व्यवस्थापक होता, जसूर नावाचा. घोट्याच्या वर पँट आणि कानात काहीतरी खुपसलेलं.

"कशाचं शूटिंग, काका? जाहिरात? मालिका?"

"खिडकीचं."

"नवरी कोण?"

"नवरी नाहीये."

"मग शूटिंग कसलं? आमच्याकडे चित्रीकरण लग्नाच्या पॅकेजमध्येच मिळतं. कमीत कमी दोनशे पाहुणे, पुलाव, फळं, गायक वेगळा." माझं तोंड बघून त्याला बहुधा दया आली. "नाहीतर अर्ज करा. सोबत मोहल्ला समितीचा चांगल्या वागणुकीचा दाखला जोडा."

दाखला आणायला गेलो तर समितीतल्या बाई म्हणाल्या, वागणुकीचा देते, पण खिडकीची जबाबदारी आमची नाही. खिडकी जुनी आहे ना, मग संस्कृती खात्यात जा. संस्कृती खात्यातल्या साहेबांनी मला प्रेमानं बसवून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं, "ही वास्तू तुम्ही गिरणी समजता की हॉल? गिरणी असेल तर तो वारसा, ताश्कंदला लिहावं लागेल. हॉल असेल तर तो धंदा, मालकाला विचारा." मी म्हटलं, वास्तू एकच आहे. ते म्हणाले, "तोच तर घोळ आहे." आणि मी पुन्हा कोझिमसमोर येऊन उभा राहिलो. त्यानं मला बसायला स्टूल दिलं. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

आमच्या मोहल्ल्यात अडलेली गोष्ट हमदम न्हाव्याच्या दुकानात नेतात. तिथे ती सुटत नाही, पण सगळ्यांना कळते. हमदम माझ्या मानेवर वस्तरा ठेवून म्हणाला, "मास्तर, सोपं आहे. एक लग्न काढा."

"कुणाचं?"

"ते मागाहून बघू. आधी तारीख तर धरा."

आमच्या शेजारच्या रिसोलतखाला दारातच उभ्या होत्या. मोहल्ल्यात आकाशवाणी बंद पडली तरी कुणाचं अडत नाही ते त्यांच्यामुळे. त्या म्हणाल्या, "कशाला एवढा खटाटोप? उद्या तिथे माझ्या भाचीच्या नणंदेचं लग्न आहे. मी आणते काढून." आणि खरंच आणलं हो त्यांनी. आम्ही नवरा-बायको श्वास रोखून बघत बसलो. निम्म्या व्हिडिओत त्यांचा अंगठा होता आणि उरलेल्या निम्म्यात पुलाव. खिडकी कुठेच नव्हती. "पण पुलाव काय सुंदर आलाय बघा!" असं म्हणून त्या निघून गेल्या.

संध्याकाळी गालिनाचा फोन आला, तेव्हा मस्तुरा म्हणाली, "होतंय गं, परवानगीचं चाललंय." फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती चिडून भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी हमदमनंच मार्ग काढला. "मोठ्या माणसाकडे कागद पाठवायचा नसतो मास्तर, पांढरी दाढी पाठवायची असते. आपल्या तोश्पुलात बाबांना घेऊन हाजींच्या घरी जा. मी सांगतो बाबांना." हे मात्र मला पटलं. तोश्पुलात बाबा म्हणजे आमच्या मोहल्ल्याचे अक्सकाल, सगळ्यांत वडीलधारे. त्यांच्या शब्दाला कुणी नाही म्हणत नाही. मग मी सगळं रीतसर केलं. गुरुवार बघितला, कारण चांगल्या कामाला गुरुवारी निघतात. मस्तुरानं आपला ठेवणीतला रेशमी पोशाख घातला. पांढऱ्या स्वच्छ रुमालात दोन मोठे नान आणि वर हलव्याचा पुडा बांधला, कारण मोठ्यांच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत. बाबा आपला रेघांचा लांब झगा घालून पुढे, मागे मी, माझ्यामागे रुमाल घेऊन मस्तुरा.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्ही जन्मानं मार्गिलानचे. लग्नाच्या वयाची मुलगी असलेल्या घरी गुरुवारी, पांढऱ्या रुमालात दोन नान घेऊन, पांढरी दाढी पुढे घालून कोण जातं हे तुम्हाला ठाऊक नाही? ठाऊक आहे. पण माझ्या डोक्यात खिडकी होती, आणि खिडकी डोक्यात असलेल्या माणसाला दार दिसत नाही.

हाजींचं दार आम्ही वाजवण्याआधीच उघडलं. त्यांची बायको सबोहत पुढे आली. तिची नजर आधी बाबांच्या दाढीवर गेली, मग रुमालावर, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, काय अगत्याचं घर आहे! आम्हाला मानाच्या जागी बसवलं. समोर अंथरलेल्या दस्तरखानावर बदाम, मनुका, द्राक्षं, मुरंबे, सगळं घर पुढ्यात मांडलं. आल्या पाहुण्याला का आलात म्हणून आपल्यात कुणी विचारत नाही. हाजींनीही विचारलं नाही. बराच वेळ कापूस, पाणी, कुणाचे गुडघे असं बोलणं झालं. मग बाबांनी खाकरून सुरुवात केली.

"हाजी, आम्ही तुमच्या दारी चाकर होऊन आलोय."

एका खिडकीसाठी हे जरा जास्तच लवून झालं असं मला वाटलं. पण वडीलधाऱ्यांची बोलण्याची तऱ्हा असते, आपण मधे तोंड घालू नये. तेवढ्यात हाजींची मुलगी मुअत्तर चहा घेऊन आली. ती दातांची डॉक्टर, चौकात तिचा दवाखाना आहे. तिशी ओलांडलेली, शांत चेहऱ्याची. तिनं मला पेला दिला. मी तो न बघताच घेतला, कारण समोरच्या भिंतीवर हॉलचा भलामोठा फोटो होता आणि त्यात आमची खिडकी कुठे असेल ते मी शोधत होतो.

हाजी पेला खाली ठेवून म्हणाले, "मास्तर, आमच्याकडे जे काय आहे ते एवढंच. फार जपलंय."

मी फोटोकडे बघत म्हणालो, "जपायलाच हवं. आमच्याकडून एक ओरखडा उठायचा नाही."

मस्तुरानं मला कोपरानं ढोसलं. मी समजलो, छान बोललो.

हाजी बायकोकडे बघून म्हणाले, "देवाची मर्जी असेल तर आमची ना नाही." त्यासरशी बाबांनी हात पसरून दुवा केली, आमचा रुमाल सोडला, वरचा नान घेतला आणि दोन्ही हातांनी मधोमध मोडला. सबोहतनं डोळ्यांना ओढणी लावली. मी सगळ्यांत मोठ्यानं आमीन म्हणालो. हाजींनी मला मिठी मारली. "आजपासून हॉल तुमचाच, मास्तर! काय हवं ते करा."

गल्लीत आल्यावर मला आनंद आवरेना. "बघितलंस? याला म्हणतात पद्धत. परवानगी मिळाली!"

"परवानगी?" मस्तुराचा आवाज चिरकला. "अहो, नान मोडला! त्या पोरीचं लग्न ठरवून आलात तुम्ही!"

"कुणाशी?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय. कुणाशी?"

आम्हाला मुलगा एकच. तो ताश्कंदला असतो आणि त्याला तीन मुलं आहेत. मी बाबांना गाठलं. ते शांतपणे चालत होते, काम फत्ते झालेल्या माणसासारखे.

"बाबा, आपण खिडकीसाठी गेलो होतो ना?"

"कुठली खिडकी? हमदम म्हणाला, मास्तरांना हाजींकडे शब्द टाकायचाय. घरात उपवर मुलगी, गुरुवार, पांढरा रुमाल. आणखी काय विचारायचं? मुलगा कोण म्हणून वाटेत विचारणं चांगलं नसतं, कामाला दृष्ट लागते." ते थांबले आणि माझ्याकडे करड्या नजरेनं बघितलं. "मी मोडलेला नान आजवर कुणी परत केलेला नाही, अब्दुवली. समजलं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दुसऱ्या दिवशी सकाळी हाजींकडून मिठाईचं ताट आलं. ते आमच्या दारात पोचेपर्यंत रिसोलतखालांनी त्यातली निम्मी बातमी वाटून टाकली होती. पण नवरामुलगा कोण हे कुणालाच कळेना. मग मोहल्ल्यानं आपल्या बुद्धीनं तर्क केला. घरात लग्नाचा मुलगा नाही, मागणी घालायला मास्तर स्वतः गेले, नवी टोपी घालून. म्हणजे नवरदेव मास्तरच! रिसोलतखाला मस्तुराच्या गळ्यात पडून रडून गेल्या. हमदमनं मला रस्त्यात अडवून हळूच सांगितलं, "मिशांना कलप माझ्याकडून. भेट समजा." मी त्याला शाप दिला नाही, कारण शाप द्यायला तोंडातून शब्द फुटावा लागतो.

घरी आलो. मस्तुरा खाटेवर बसली होती.

"हे बघ," मी म्हटलं, "हाजींनी हॉल आपला म्हटलंय. आज जाऊन खिडकी काढून येऊ. गालिनाला पाठवू. मग उद्या सगळं खरं सांगू. तिकडे दिवस भराभर चाललेत."

मस्तुरा म्हणाली, "मुरंबे मांडताना सबोहत एकेक वाटी तीनतीनदा सरळ करत होती. बघितलंत तुम्ही? नाही बघितलं. मी बघितलं. दुसऱ्याच्या लेकीच्या नावावर मिळालेली खिडकी मला नको. गालिनालाही नको असेल."

"मग गालिनाला काय सांगायचं?"

"ते मी बघेन. तुम्ही आधी त्या मुलीला सांगा."

आता तरण्या मुलीशी एकांतात बोलायला माझ्यासारख्यानं जायचं कसं? आधीच मोहल्ला मला नवरदेव समजत होता. म्हणून मी रोगी होऊन तिच्या दवाखान्यात गेलो. खुर्चीत बसलो. तोंड उघडून "मुली, एक सांगायचंय" म्हणणार, तोच तिनं दोन्ही गालांत कापसाचे बोळे कोंबले आणि डोळ्यांवर दिवा सोडला.

"कुठली दुखतेय?"

"अं... इअकी."

"ही?"

"इअकी! अग आई!"

"हलू नका, काका." तिनं कसलंसं भिरभिरणारं यंत्र उचललं. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. पण तिनं ते खाली ठेवलं आणि माझ्या तोंडात आरसा फिरवून म्हणाली, "तुमच्या दाढा माझ्यापेक्षा मजबूत आहेत. मग कशाला आलात?" आणि तिनं बोळे काढले.

मी एका दमात सगळं सांगितलं. गालिना, डोळे, माग, खिडकी, कोझिम, पांढरा रुमाल. तिनं स्टूल ओढलं आणि बसली. मला तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी तिच्या भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत राहिलो.

"मला तेव्हाच वाटलं होतं," ती म्हणाली. "मागणी घालायला आलेली माणसं माझ्या हातांकडे बघतात. नखं, चहाचा पेला, चालणं. तुम्ही एकटेच असे की सगळा वेळ भिंतीवरच्या हॉलकडे बघत होतात. मी मनात म्हटलं, यांना मी नको, माझ्या बाबांची इमारत हवीय. आईबाबा मात्र समजले, तुमच्या ताश्कंदच्या मुलासाठी आलात."

"मला क्षमा कर, मुली."

"मला काही झालेलं नाही, काका. लग्न झालं तर होईल. पण आई..." तिनं हातातला आरसा खाली ठेवला. "घरचा हॉल, रोज लग्न, आणि माझी आई गेल्या कितीतरी वर्षांत एकाही लग्नाला आत गेलेली नाही. बायका विचारतात ना, तुमच्या मुलीचं कधी. शुक्रवारी सकाळी तिनं हॉलवर निरोप पाठवला. पडदे धुवायला सांगितलेत. घरभर गुणगुणतेय."

मला त्या खुर्चीत अगदी लहान होऊन बसल्यासारखं वाटलं. माझ्या हुशारीनं दुसऱ्याच्या घरात केवढी आशा लावून ठेवली होती!

"मी स्वतः येऊन पाया पडतो त्यांच्या."

"नको! वरपक्षानं मोडलेला नान परत मागितला तर आईला कुठे तोंड दाखवायला जागा राहणार नाही. नकार आमच्याकडून यायला हवा."

"मग द्या की."

"कारण लागेल. तुमच्यात काहीतरी खोट दाखवावी लागेल."

मी मान खाली घातली. "काय ती दाखव."

ती मला न्याहाळू लागली. डॉक्टर लोक आजारही असाच शोधत असतील. "मास्तर विसरभोळे आहेत असं सांगू? इतके, की आपल्या मुलाचं लग्न झालेलं विसरून मागणी घालून आले."

जन्मभर ज्या माणसानं पोरांना सूत्रं पाठ करायला लावली, त्याला हे ऐकून घ्यावं लागलं. पण तिच्या तोंडचं गुणगुणणाऱ्या आईचं वाक्य माझ्या कानातून जाईना. "सांग," मी म्हटलं. "आणि जरा फुगवून सांग. नाहीतर लोकांना पटायचं नाही."

ती हसली. "पटेल हो, काका."

पटलंच! दोन दिवसांत साऱ्या मार्गिलानला कळलं, की हाजींनी मास्तरांची मागणी फेटाळली आणि बरोबरच केलं. कोझिमसुद्धा मला रस्त्यात बघून हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलू लागला. हमदमनं दाढीचे पैसे घेतले नाहीत, वर म्हणाला, "तुम्ही दिलेत मघाशी. आठवत नाही ना?" तोश्पुलात बाबा मात्र आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांची कीर्ती मी बुडवली होती.

पुढच्या गुरुवारी सबोहत एकटीच आमच्या घरी आली. हातात आमचा पांढरा रुमाल, धुऊन इस्त्री केलेला. डोळे सुजलेले. आम्ही मागणीसाठी गेलोच नव्हतो, एवढं मुअत्तरनं आईला सांगितलं असणार हे मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मी आत पळालो. पण आमचं घर लहान आहे, आतल्या खोलीत बाहेरचं सगळं ऐकू येतं.

मग सबोहत म्हणाली, "मस्तुराआपा, मागणीचा रुमाल रिकामा परत द्यायचा नसतो. मनात कडवट राहतं. मी काय घालू ते कळेना, म्हणून तसाच घेऊन आले. तुम्हीच सांगा."

"काही नको, सबोहत. माफी तेवढी दे."

"ती कशाला बाई? तुम्ही सून मागायला आलाच नव्हतात." मग ती हळूच म्हणाली, "एक दिवस घर कसं झालं होतं सांगू? मी चहाचं नवं भांडं काढलं. ते अजून वर ठेववत नाहीये."

मग रडण्याचा आवाज आला. एकीचा की दोघींचा ते मला सांगता येणार नाही. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि माझ्याही नाकाचा शेंडा ओला झाला होता. थोड्या वेळानं मस्तुरा बोलू लागली. तिनं काही मागितलं नाही. तिनं फक्त गालिनाबद्दल सांगितलं. एकत्र खाल्लेला डबा, पहिल्या बाळंतपणात मस्तुराचा माग गालिनानं आपल्या मागासोबत कसा सांभाळला, आणि आता डोळे.

"थांबा," सबोहत मधेच म्हणाली. "म्हणजे तुम्हाला ती खिडकी हवी होती? एवढंसं मागायला तोश्पुलात बाबांना झगा घालून आणलंत?" आणि ती हसायला लागली. आधी नाकातून, मग मोठ्यानं, मग परत रडत, परत हसत. मी पडद्याआडून डोकावलो, तर दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हलत होत्या. "उद्या सकाळी या," ती डोळे पुसत म्हणाली. "मीच नेते. बघते कोण अडवतं."

सकाळी कोझिमनं फाटक उघडलं आणि माझ्याकडे न बघता सबोहतला सलाम केला. आत गेलो. मस्तुरा चार पावलं गेली आणि उभी राहिली.

"हे नाही ते," ती म्हणाली.

कसं असणार? जिकडे तिकडे सोनेरी मुलामा, मोर, झुंबरं. भिंतीत एकही खिडकी नाही. मुलाम्याच्या फळ्या ठोकून सगळं बंद केलेलं. इतकी धडपड करून परवानगी मिळवली, आणि जिच्यासाठी मिळवली तीच जागेवर नाही! मला वाटलं, ही आता खाली बसेल. पण ती हळूहळू चालत एका खांबापाशी गेली, हात लावून बघितला, तिथून वळली आणि नवरा-नवरीच्या सिंहासनामागच्या प्रचंड मोरासमोर थांबली. "इथे," ती म्हणाली. "याच्यामागे."

"काढा तो मोर," सबोहत म्हणाली.

हाजी धावत आले. "अगं, ताश्कंदहून आणलाय तो! संध्याकाळी लग्न आहे!"

"हाजी, या हॉलमध्ये मी किती वर्षांनी पाय ठेवलाय, तुम्हाला ठाऊक आहे ना? मोर काढा."

हाजींनी एकदा बायकोकडे बघितलं आणि स्वतःच कोट उतरवला. कोझिमनं पेचकस आणला. मी मदतीला गेलो, त्यामुळे मोराचं शेपूट मोडलं. ते विसरभोळेपणात खपून गेलं. फळी बाजूला झाली आणि इतक्या वर्षांची धूळ आमच्या अंगावर आली. मागे उंच, लहान लहान काचांची खिडकी होती. बाहेर कालवा, कालव्यावर तुतीची झाडं, पानं पिवळी पडायला लागलेली.

मस्तुरानं फोन वर धरला, पण उलटा. तेव्हा आईबरोबर आलेली मुअत्तर पुढे आली आणि तिनं फोन काढून घेतला. "मावशी, नुसती खिडकी बघून त्या काय करतील? तुम्ही उभ्या राहा तिथे. मी त्यांनाच फोन लावते." मस्तुरा लाजली. व्हिडिओ कॉलवर ही बाई नेहमी छत दाखवते. सारातोवला आमच्या छताची एकेक भेग पाठ असेल. सबोहतनं तिच्या डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि तिला खिडकीत उभं केलं.

पडद्यावर गालिना आली. फोन अगदी नाकाला लावलेला, त्यामुळे एक मोठा निळसर डोळा आणि अर्धा गाल. आणि नेमक्या त्याच क्षणी संध्याकाळच्या गायकाच्या माणसांनी कर्णे तपासायला सुरुवात केली. काय तो आवाज! झुंबरं थरथरली. हाजी हात हलवून ओरडत होते, "बंद करा! बंद करा!" पण ते कुणाला ऐकू येणार? सगळं जमून आलं आणि आता दोघींना एकमेकींचा शब्द कळायचा नाही.

पण मस्तुरा घाबरली नव्हती. ती नीट उभी राहिली, फोनकडे बघितलं आणि ओठ हलवू लागली. तिचा आवाज गोंगाटात बुडत होता असं नाही. ती आवाज काढतच नव्हती. फक्त ओठ, भुवया, जरासा हात. तिकडे गालिनानं फोन थोडा लांब धरला आणि तीही तशीच, ओठांनी, भराभर बोलू लागली. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. एवढ्या मागांच्या खडखडाटात त्या बायकांना कधीच काही ऐकू येत नसणार. त्यांची सगळी मैत्री अशीच झाली होती. सबंध संसार झाला आमचा, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

हाजींनी धावत जाऊन वीजच तोडली. हॉल एकदम शांत झाला. पण त्या दोघी थांबल्या नाहीत. तशाच बोलत राहिल्या, आवाजाशिवाय. आम्ही सगळे, मोडक्या शेपटीचा मोर धरून उभा असलेला कोझिमसुद्धा, त्यांच्याकडे बघत उभे होतो. मस्तुराच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मग पडद्यावरचा डोळा मिटला आणि फोन बंद झाला.

मी तिच्याजवळ गेलो. "काय म्हणाली गं?"

"म्हणाली, मस्तुरा, किती म्हातारी झालीस!"

"मग तू काय म्हणालीस?"

तिनं रुमालाच्या टोकानं डोळे पुसले आणि एकदा खिडकीबाहेर बघितलं.

"मी म्हटलं, नीट बघून घे."